स्पिंडलचा अलार्म आणि कूलरचा पंप

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. राउटरला, म्हणजे कॉम्प्युटरवरून लाकूड कोरणाऱ्या मशीनला, नवीन स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बसवलाय. ड्राइव्हच्या, म्हणजे त्याला वीज देऊन वेग ठरवणाऱ्या डब्याच्या, बटणावरून चालवला तर मस्त फिरतो. फाइल लावली की मात्र मशीन मध्येच थांबते आणि स्क्रीनवर ‘अलार्म १’ येतो. म्हणजे मशीनचं म्हणणं, लिमिट स्विच (टोकाला गेल्यावर मशीन थांबवणारा) दाबला गेला. प्रत्यक्षात गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल, टेबलाच्या मधोमध उभी, एकही स्विच दाबलेला नाही. रिसेट करून पुन्हा लावली तर कधी पूर्ण जॉब निघतो, कधी पाच मिनिटांत परत तेच.

मला हे दोनदा भोगावं लागलं. एकदा डिसेंबरात, स्पिंडल बसवल्या बसवल्या. नीट केलं, तीन-साडेतीन महिने सुखात गेले आणि एप्रिलच्या शेवटी पुन्हा सुरू. अलार्म तोच होता, कारण मात्र वेगळं, आणि दुसऱ्या वेळी मी चुकीच्या ठिकाणी शोधत बसून आठवडा घालवला.

मशीन आपलं साधंच आहे. नागपुरात हिंगणा रोडला पत्र्याच्या शेडमध्ये चार बाय दोन फुटांचं राउटर, जीआरबीएल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवर चालणारं. देवघराच्या जाळ्या, नेमप्लेटा, एमडीएफचे पॅनेल अशी कामं. पहिली दोन वर्षं हातातलं ट्रिमर राउटरच क्लॅम्पमध्ये बांधून चालवलं. कार्बन ब्रश झिजायचे आणि आवाजाने डोकं उठायचं. मग २.२ किलोवॉटचा, ८० मिमी व्यासाचा, पाण्याने थंड होणारा, ईआर२० कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिट धरणारी पकड) स्पिंडल मागवला, सोबत हुआनयांगचा व्हीएफडी, म्हणजेच ड्राइव्ह.

बसवण्याचं काम दिसतं तेवढं अवघड नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. क्लॅम्पचे बोल्ट जीव खाऊन आवळू नका. स्पिंडलची बॉडी पातळ असते, ती दबली की आतल्या बेअरिंगवर ताण येतो आणि स्पिंडल तापायला लागतो. हाताने शाफ्ट फिरवत फिरवत आवळा. फिरणं जड वाटलं की तिथेच थांबा. दुसरं म्हणजे वजन. ट्रिमरच्या मानाने हा धोंडा आहे, पाच किलोच्या घरात. माझ्या झेडची, म्हणजे स्पिंडल वर-खाली करणारी, मोटर लाइट गेली की सोडून द्यायची आणि स्पिंडल अलगद खाली येऊन बिट लाकडात टेकायचा. झेडला गॅसचा स्ट्रट लावला, विषय संपला. डायल लावून स्पिंडल टेबलाशी काटकोनात आहे का तेवढं बघून घ्या, नाहीतर पॉकेट खोदल्यावर तळाला नांगरटीसारख्या रेषा दिसतात.

आता ड्राइव्ह. इथे चूक झाली तर अलार्म येत नाही, थेट धूर येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

हा स्पिंडल दोन पोलचा आहे आणि ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम देतो. ड्राइव्ह मात्र कारखान्यातून साध्या ५० हर्ट्झच्या मोटरसाठी सेट होऊन आलेला असू शकतो. बेस फ्रिक्वेन्सी ५० राहिली तर ड्राइव्ह ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट देऊन बसतो. या स्पिंडलला त्या वेगात जेमतेम २७-२८ व्होल्ट लागतात, २२० दिल्यावर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. म्हणून स्पिंडलची वायर जोडण्याआधीच पॅरामीटर भरा. पीडी०१३ मध्ये ८ टाकून फॅक्टरी रिसेट करा. मग पीडी००५ म्हणजे जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सी ४००, पीडी००४ म्हणजे बेस फ्रिक्वेन्सी ४००, पीडी००३ पण ४००. व्होल्टेजसाठी पीडी००८ ला २२०. खालची मर्यादा पीडी०११, मी १२० ठेवली, म्हणजे ७,२०० आरपीएमच्या खाली जात नाही. त्याखाली या स्पिंडलमध्ये दम नसतो. मोटरचे पोल पीडी१४३ ला २, रेटेड करंट पीडी१४२ ला, आकडा स्पिंडलवर कोरलेला असेल तो. वेग घ्यायला आणि उतरायला पीडी०१४ आणि पीडी०१५, दोन्हीकडे ८ सेकंद. उतरायचा वेळ फार कमी ठेवला तर स्पिंडल थांबताना ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो.

पीडी१४४ बद्दल मला कितीतरी जणांनी विचारलंय. “डिस्प्लेवर ११,५२० च्या वर जातच नाही, स्पिंडल डुप्लिकेट आहे का?” नाही बाप्पा. तिथे १,४४० भरलेलं असतं, ते ५० हर्ट्झचं आरपीएम. त्याची आठपट म्हणजे ११,५२०. तिथे ३,००० टाका, डिस्प्ले २४,००० दाखवेल. स्पिंडल आधीही तेवढाच फिरत होता.

कंट्रोलरवरून चालवायचं तर पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही १ करा, म्हणजे सुरू-बंद आणि वेग दोन्ही बाहेरच्या टर्मिनलवरून. पीडी०७० शून्य, म्हणजे ० ते १० व्होल्ट. टर्मिनलजवळ एक छोटा जंपर असतो, तो पॅनेलच्या नॉबवरून काढून व्हीआय कडे लावा. हा जंपर विसरून मीच अर्धा दिवस वायरी तपासत बसलो होतो. जीआरबीएलकडून निघतो पीडब्ल्यूएम (झपाझप चालू-बंद होणारा सिग्नल), ड्राइव्हला हवे ० ते १० व्होल्ट, म्हणून मध्ये छोटं कन्व्हर्टर मॉड्यूल लागतं. जीआरबीएलमध्ये $३० ला, म्हणजे जास्तीत जास्त वेगाला, २४०००. मग एम३ एस२४०००, म्हणजे ‘२४,००० ने फिर’ हा हुकूम, देऊन ड्राइव्हच्या व्हीआय आणि एसीएम टर्मिनलांवर मल्टिमीटर धरा, १० व्होल्ट येईपर्यंत मॉड्यूलचा स्क्रू फिरवा, नंतर एस१२००० ला ५ येतात का बघा. पाव-अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला तर लाकडाला काही फरक पडत नाही.

एक सापळा आहे. कंट्रोलरच्या आर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल १.१ मध्ये वेग ११ नंबरच्या पिनवरून जातो आणि १३ नंबर दिशेसाठी असतो, सुरू-बंदसाठी वेगळी पिन उरत नाही. म्हणून काही जण ड्राइव्हचं एफओआर (सुरू करायचं) टर्मिनल कायमचं शॉर्ट करून टाकतात, की शून्य व्होल्ट आले की थांबेल. पण पीडी०११ ला १२० भरलंय ना? मग एम५ (थांबायचा हुकूम) दिल्यावरही स्पिंडल ७,२०० ने फिरतच राहतो, आणि तुम्ही बिट बदलायला हात घालता. मी कॉन्फिग फाइलमध्ये १३ नंबरला एनेबल करून घेतलं आणि त्यावर छोटी रिले लावली. फक्त ही पिन बोर्ड सुरू होताना लुकलुकते, तेव्हा आधी कंट्रोलर जोडायचा आणि मगच ड्राइव्हची लाइन द्यायची. शिवाय जीआरबीएल स्पिंडलला वेग घ्यायला थांबत नाही, म्हणून प्रत्येक फाइलमध्ये एम३ नंतर जी४ पी८, म्हणजे ‘आठ सेकंद थांब’, टाकलेलं आहे.

एवढं झालं आणि डिसेंबरातला तो अलार्म सुरू झाला.

त्या वेळी अलार्म केव्हा येतो हे अगदी ठरलेलं होतं. एम३ दिला की पहिल्या आठ-दहा सेकंदांत. बिट अजून लाकडाला लागलेलाही नसायचा. कधी अलार्मऐवजी स्क्रीनवर ‘जीआरबीएल १.१’ ही सुरुवातीची ओळ मध्येच पुन्हा उमटायची. ती ओळ दिसली तर समजा की लिमिट नाही, अख्खा बोर्डच रिसेट झालाय. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की यूएसबी तुटणं कमी व्हायचं, अलार्म मात्र राहायचा.

व्हीएफडी स्पिंडलला गुळगुळीत करंट देत नाही, सेकंदाला हजारो वेळा तोडून तोडून देतो. त्या तुटण्याचा खळबळाट केबलभर पसरतो. स्पिंडलच्या बॉडीत शिरलेला हा कचरा-करंट परत ड्राइव्हकडे जायला वाट शोधतो. सरळ, जाड वाट दिली तर तो तिकडून जातो. नाही दिली तर गॅन्ट्री, लिमिटच्या वायरी, यूएसबी, जिथून जमेल तिथून.

आपण अर्थिंग नीट केलंय असंच मला वाटत होतं. चार कोअरची शिल्डेड केबल, चौथी कोअर स्पिंडलच्या गोल सॉकेटच्या चार नंबर पिनला, दुसरं टोक ड्राइव्हच्या अर्थला. मग एकदा लाइन बंद करून, ड्राइव्हचा दिवा विझल्यावर दहा मिनिटं थांबून, सॉकेट उघडलं. मल्टिमीटरची एक तार चार नंबर पिनला, दुसरी स्पिंडलच्या नोजवर जिथे धातू उघडा आहे तिथे. बीप नाही. जागा बदलून बघितली, बीप नाही. स्पिंडलचं वरचं झाकण काढलं तर तीन वायरी आत गेलेल्या आणि चौथी पिन मोकळीच, तिला आतून काही जोडलेलंच नाही! म्हणजे महिनाभर पाण्याच्या पाइपाला चिकटून २२० व्होल्टचा स्पिंडल बिनाअर्थचा फिरत होता. अलार्म राहिला बाजूला, माझेच हातपाय गार पडले. हे या स्वस्त स्पिंडलांत बऱ्याचदा आढळतं, तेव्हा पेटीतून काढल्याबरोबर हीच तपासणी करा. झाकणाच्या आत स्क्रू धरून थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) लावला, पिनला वायर जोडली, बीप आला.

बाकीची कामं त्याच दिवशी उरकली. स्पिंडलच्या केबलचं शिल्ड ड्राइव्हच्या अर्थला घट्ट बसवलं. शेपटीसारखी लांब वायर काढून जोडू नका, शिल्डच पट्टीखाली दाबा. लिमिटच्या वायरी स्पिंडलच्या केबलसोबत एकाच ड्रॅग चेनमध्ये (वायरी वाहून नेणाऱ्या साखळीत) होत्या, त्या वेगळ्या काढल्या. उनोच्या आतला पुलअप, म्हणजे सिग्नल वर धरून ठेवणारा रेझिस्टर, फार कमकुवत असतो, म्हणून प्रत्येक लिमिटला बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०४ नंबरचा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, कपॅसिटर लावला. सीताबर्डीवर हे सगळं मिळून शंभर रुपयेसुद्धा झाले नाहीत. ०-१० व्होल्टची जोडी पिळलेली, शिल्डेड, आणि तिचं शिल्ड एकाच टोकाला अर्थ. अलार्म गेला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एकदाही नाही.

एप्रिलच्या शेवटी स्पिंडलच्या पाण्याचा पंप बसला. बादलीतला छोटा पंप, गाळ जाऊन अडकला. दुपारची वेळ, जॉब अर्धवट, म्हणून शेडमधल्या कूलरचा पंप काढून बादलीत टाकला. नागपुरात कूलरचा पंप म्हणजे घरोघरचा माल, पाणी भरपूर फेकतो, काम झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून अलार्म १ परत!

आता तुम्हीच सांगा, दोष कोणाला द्याल? मी पंपाला दिला. पंपाची वायर बदलली, वेगळ्या बोर्डावर घेतला, वायरीवर गोंगाट अडवणारा फेराइट चढवला. काही नाही. मग वायरमन काका आले. ते म्हणाले, “अर्थिंग वाळलं असंन, भाऊ. काळी माती हाय, उन्हाळ्यात भेगा पडून राहिल्या. खड्ड्यात पाणी टाका.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, अर्थच्या पट्टीपासून सुटते, आणि खड्ड्यात पाणी घालायलाच हवं. सुरक्षेसाठी ते दर उन्हाळ्यात करा. चार बादल्या ओतल्या. अलार्म तसाच. स्पिंडलचा गोंगाट ड्राइव्हकडे परत जातो तो वायरीतून, त्याला जमिनीतल्या ओलाव्याशी फारसं देणंघेणं नाही.

वेळ मी नीट बघितली नाही, ही माझी चूक. या खेपेला एम३ दिल्याबरोबर काहीच होत नव्हतं. कटिंग सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली, एमडीएफचा भुसा धो धो निघायला लागला, की मग अलार्म यायचा. हवेत नुसता स्पिंडल तासभर फिरवला तर एकदाही नाही. याच्यात सगळं उत्तर होतं, पण मी पंपाकडेच बघत होतो.

सुटलं ते आमच्या पोराच्या ओरडण्याने. गॅन्ट्रीला हात लागला आणि तो उडाला. “भाऊ, मशीन करंट मारून राहिली!” मी टेस्टर लावला, पेटला नाही. करंट उतरत असेल तर हाताला सतत झिणझिण्या येतात. हा एकच ‘चट्’ होता, हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना होतो तसा. मग डस्ट कलेक्टरच्या चार इंची प्लॅस्टिक पाइपाजवळ मी हात नेला, तर हातावरचे केस उभे राहिले.

सुका भुसा प्लॅस्टिकच्या पाइपातून जोरात घासत जातो आणि स्टॅटिक साठत जातं. हवा ओली असली तर ते आपोआप निघून जातं. नागपूरच्या मे महिन्यात हवा कशी असते ते सांगायला नको, धुतलेली पँट अर्ध्या तासात कडक होते. पण मग पंप काढायच्या आदल्या दिवशीपर्यंत त्रास का नव्हता? कारण तोपर्यंत कूलर ओल्या खसमधून शेडमध्ये ओली हवा फेकत होता. पंप मी काढून घेतला आणि कूलर नुसता गरम पंखा झाला. आठवडाभर मी आणि पोरगा त्या कूलरला शिव्या देत बसलो होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतवारीतून नवा पंप आणून कूलरमध्ये टाकला, दुपारी खस भिजली, आणि सलग तीन जाळ्या निघाल्या. खात्री करायला मुद्दाम कूलरचा पंप बंद केला. अर्ध्या तासाच्या आत अलार्म.

कूलर हा काही उपाय नव्हे, सकाळी तो बंदच असतो. खरा उपाय गॅन्ट्रीला अर्थ करणं. मला वाटायचं, मशीनची फ्रेम अर्थला जोडली की सगळी मशीन जोडली गेली. मल्टिमीटर धरला तेव्हा कळलं की गॅन्ट्री प्लॅस्टिकच्या चाकांवर चालते, तिचा फ्रेमशी विजेचा संबंधच नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवर ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. प्रोफाइलवर दोन्ही तारा एकमेकींच्या शेजारी टेकवल्या तरी बीप येत नव्हता. पान्याच्या टोकाने रुपयाएवढी जागा खरवडली, तेव्हा आला. मग फ्रेम, गॅन्ट्री, झेडची प्लेट आणि स्पिंडलचा क्लॅम्प अशा चार ठिकाणी खरवडून, दातेरी वॉशर आणि थिंबल लावून, लवचिक हिरव्या वायरी ड्रॅग चेनमधून काढल्या आणि सगळ्या एकाच अर्थ पट्टीवर आणल्या. डस्टच्या पाइपावर उघडी तांब्याची तार गुंडाळून तिचं टोकही त्याच पट्टीला. तारेने पाइपातलं सगळं स्टॅटिक जात नाही, प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच, पण मोठ्या ठिणग्या बंद होतात. मुख्य काम गॅन्ट्रीच्या वायरीने केलं. त्यानंतर कूलर बंद ठेवून, भर दुपारी, एमडीएफवर चाचणी घेतली. अलार्म नाही.

तेव्हा कुणी मला फोनवर ‘अलार्म १’ म्हटलं की मी आधी विचारतो, केव्हा येतो? स्पिंडल उठताना येत असेल तर सॉकेटची चार नंबर पिन आणि शिल्ड बघा. भुसा निघायला लागल्यावर येत असेल तर गॅन्ट्रीवर मल्टिमीटर धरा. कधीही, कसाही येत असेल तर एखादी लिमिटची वायर चेनमध्ये तुटत आलेली असते, ती हाताने हलवून बघा. आणि $२१ शून्य करून लिमिटच बंद करायचा सल्ला बरेच जण देतात. तपासण्यापुरतं करा, पण तसंच ठेवून जॉब लावू नका. माझ्या ओळखीच्या एकाने ठेवलं आणि झेड वरच्या टोकाला जाऊन कपलिंग तुटलं.

कूलरच्या पंपाचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही सांगतो. “कूलरच्या टाकीतच स्पिंडलचा पाइप सोडू का, पाणी थंड असतं?” नका. बोअरचं जड पाणी आणि खसचा कचरा स्पिंडलच्या बारीक वाटेत जाऊन बसतो, सहा महिन्यांत क्षार धरतात. वेगळी झाकणाची वीस लिटरची बादली घ्या, बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घाला. पंप बंद पडला की स्पिंडल काही मिनिटांत तापतो, म्हणून परत येणाऱ्या पाइपाचं तोंड बादलीत असं ठेवा की पाण्याची धार दिसली पाहिजे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्ही बादलीत बर्फाची बंद बाटली सोडतो, हवा सुकी असते, काही होत नाही. जुलैत ते करू नका. पावसाळी हवेत गार स्पिंडलवर बाहेरून घाम धरतो, आणि ते पाणी ओघळत सॉकेटपर्यंत जातं.